सव्वातेरा आणि पावणेचौदा

ता. ११ नोव्हेंबर, मंगळवार

भाऊजींना वहिनीचा आशीर्वाद. वयानं तुम्ही माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठे, पण नात्यानं मी मोठी, तेव्हा आशीर्वाद माझ्याकडूनच यायचा. आवडला नाही तर परत पाठवा.

इकडे सगळे आहेत. पत्रात ‘बरे आहेत’ असं लिहायची पद्धत आहे, पण नुसतं ‘आहेत’ म्हटलेलं बरं. माझे दात गेले, मागोमाग गुडघे गेले, जीभ तेवढी शाबूत आहे. तुमच्या दादांना अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली. खालचं सुतारकामाचं दुकान बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी रोज सकाळी खाली जाऊन पटाशीला धार लावून येतात. कशासाठी, ते विचारायचं नाही.

तुमचा पत्ता नातीनं शोधला. आमच्या मुलाची मुलगी. तुम्ही तिला पाहिलेलं नाही. ती लोकांना व्यायाम शिकवते. पैलवानांना नाही, हाड मोडलेल्यांना, बाळंतिणींना, म्हाताऱ्यांना. ती ज्या सरांकडे शिकली, ते तुमच्याकडे शिकलेले निघाले. एक दिवस घरी येऊन म्हणाली, “आजी, आपल्याच आडनावाचा एक माणूस तिकडे तीस वर्षं व्यायामशाळा चालवत होता. तो आपला कोण?”

मी म्हटलं, “त्याच्याशी आपलं भांडण आहे.”

“कशावरून?”

“दंडावरून. कोणाचा जाड.”

तिला वाटलं मी थट्टा करते.

फोन नंबरही आणून दिला तिनं. पण फोनवर मी भांडते हे मला माहीत आहे, आणि फोन ठेवून देता येतो. पत्र ठेवून दिलं तरी टेबलावर पडून माणसाकडे बघत राहतं. अक्षराला हसू नका. चौथीपर्यंतचं शिक्षण, त्यातही जन्मभर छाती, कंबर आणि बाहीच लिहिली.

तर बातमी अशी. गेल्या महिन्यात तुमचे दादा न्हाणीघरात बसक्या स्टुलावर आंघोळीला बसले आणि उठता येईना. पडले नाहीत, लागलं नाही, नुसतं उठता येईना. पाय म्हणत होते उठतो, पण हातांनी रेटा द्यायचा तर कोपर सरळ होईना. मुलगा-सून कामावर. मी आत गेले, काखेत हात घातले, ओढलं. दोन म्हातारी माणसं ओल्या फरशीवर. मी म्हटलं, “शेजारच्यांना हाक मारते.” तर म्हणाले, “आधी टॉवेल दे, मग मार.” टॉवेल गुंडाळला, तरी हाक मारू देईनात. दीड तास बसून राहिलो. मी दारात, ते स्टुलावर. गप्पा मारल्या म्हणा. कधी नव्हे ते तुमचं नाव निघालं. मी काढलं नाही, त्यांनी काढलं. म्हणाले, “तो असता तर एका हातानं उचललं असतं.” मग लगेच म्हणाले, “मी उचलू दिलं नसतं, ते वेगळं.”

नात आली तेव्हा सुटका झाली.

तुम्हाला वरची खोली आठवते का? नसेल आठवत असं मी समजत नाही. पंधरा पायऱ्या, सातवी कुरकुरायची. ती अजून कुरकुरते, सुताराच्याच घरातली असून. आत लांबच लांब फळ्यांची जमीन, रस्त्याच्या बाजूला एकच मोठी खिडकी, खिडकीशी माझं शिलाई मशीन. उरलेली खोली तुम्हा दोघा भावांची. एका भिंतीला यांनी केलेले दोन समांतर बार. पाणीकागदानं इतके घासलेले, की तळहाताला लोण्यासारखे लागायचे. समोरच्या भिंतीला तुमचं बाक आणि दांडा. वेल्डिंगच्या कारखान्यातून आणलेला सळईचा तुकडा, त्याच्या दोन टोकांना रंगाचे रिकामे डबे बसवलेले आणि डब्यांत वाळू. आता दुकानात चकचकीत मिळतो, त्याला बारबेल म्हणतात. नातीनं आणलाय एक. मी तिला म्हटलं, आमच्याकडचा यापेक्षा चांगला होता, त्याला झाकण होतं.

संध्याकाळी पाच वाजले की जिना वाजायला लागायचा. न्हावी, पोस्टमन, गणिताचे मास्तर, पलीकडचा सायकलवाला. खालून लाकडाच्या भुशाचा वास, वर घामाचा. मधे माझ्या पायाखाली मशीन. तुम्ही लोक मोठ्यानं मोजायचा आणि माझा पाय त्या मोजण्यावर चालायचा. वीस म्हणालात की माझी बाही संपलेली असायची. कोणी मधेच दम लागून थांबला की माझी टीप वाकडी. गिऱ्हाईक विचारायचं, इथे शिवण का सुटलीय? आता त्यांना काय सांगणार, पोस्टमन सतराव्यावर गळपटला म्हणून?

आणि तुमचे वाद. आई गं, ते वाद.

हे म्हणायचे, माणसाला देवानं दिलेलं वजन पुरे आहे. जमिनीवर हात जवळ जवळ ठेवून जोर मारा, दोन बारांमधे लोंबकळून खाली जा आणि वर या, दंडाची मागची बाजू आपोआप तयार होते. शिवाय खांदा, छाती, पोट सगळं बरोबर येतं, काही मागे राहत नाही. तुम्ही म्हणायचा, तेच तर चुकतंय दादा. सगळे मदतीला धावतात, म्हणून ज्याला काम द्यायचं तो मागे लपून बसतो. तुम्ही बाकावर उताणे पडायचा, दांडा कपाळापर्यंत आणायचा आणि नुसत्या कोपरातून सरळ करायचा. हे म्हणायचे, “एक दिवस कपाळमोक्ष होईल.” तुम्ही म्हणायचा, “झाला तर माझा होईल. तुझ्या कपाळाला काय त्याचं?”

दर सोमवारी तुम्ही दोन्ही डब्यांत एकेक मूठ वाळू घालायचा. न्हावी यांना चिडवायचा, “सुतार, त्याची वाळू वाढतेय. तुम्ही काय वाढवणार?” हे म्हणायचे, “मी मोजणी वाढवतो. वजन आईबापांनी दिलंय, मूठमूठ उसनं आणत नाही.” आणि खरंच वाढवली. बारा वेळा खालीवर व्हायचे ते तीसवर गेले. तुम्ही म्हणालात, “दादा, तीस वेळा होतोस ते दम मोजतं, दंड नाही.”

त्याच वाक्यावरून पैज लागली. बारा आठवडे. हे नुसतं अंगाच्या वजनावर, तुम्ही नुसतं दांड्यावर. जो जिंकेल त्याच्या मतानं खोली चालायची. सुरुवातीला मी दोघांना मापलं, तर दोघेही तेरा इंच. एकाच आईची पोरं. त्याच आठवड्यात मी दोघांना एका कापडाचे, एका मापाचे निळे शर्ट शिवले. निकालाच्या दिवशी घालायला.

त्या बारा आठवड्यांत घरात काय चाललं होतं ते तुम्हा दोघांनाही माहीत नाही, मला आहे. सहाव्या आठवड्यापासून तुमचं कोपर दुखत होतं. सकाळी चहाचा पेला दोन हातांनी उचलायचात. मला म्हणालात, “वहिनी, दादाला सांगू नका.” मी तेल चोळून दिलं. आठव्या आठवड्यापासून यांचा उजवा खांदा दुखत होता. बारांमधे फार खाली जायचे, तुम्हाला दाखवायला. मला म्हणाले, “त्याला कळता कामा नये.” त्यांनाही तेल चोळून दिलं. एकच बाटली. सकाळी तुमचा नंबर, रात्री त्यांचा.

आता ऐका, मुद्द्याचं. तो उजवा खांदा आता पुरता गेलाय. नात म्हणते, दंडाच्या मागे तीन पदरी स्नायू आहे, ट्रायसेप्स म्हणतात, कोपर सरळ करणं हेच त्याचं काम. खुर्चीतून उठणं, स्टुलावरून उठणं, सगळं त्याच्या जिवावर. तो परत तयार करायचा तर दोन वाटा. एक, खुर्चीच्या हातांवर रेटून स्वतःचं अंग उचलायचं. तुमच्या दादांची जुनी वाट. पण त्यात पहिल्याच दिवशी सगळं वजन अंगावर येतं, अर्धं करून मिळत नाही, आणि खांदा ओरडतो. भिंतीला हात लावून जोर काढतात दहा, ऐटीत काढतात, पण ते फारच हलकं पडतं. दुसरी वाट, पलंगावर उताणं पडून हलका दांडा. नुसता दांडा, मग पाव किलो, मग अर्धा. खांदा जागेवर राहतो, कोपर काम करतं. मला लगेच कळलं. अंगाचं वजन म्हणजे तयार कपडा, आहे तसा घाला. दांडा म्हणजे मापानं शिवलेला.

पण तुमचे दादा दांड्याला हात लावत नाहीत.

नातीनं लाडीगोडी केली, रागावली. हे म्हणतात, “त्याचा निकाल याच घरात लागलाय. अर्ध्या इंचानं हरलेली गोष्ट मी हातात धरत नाही.”

ती म्हणाली, “कोणी लावला निकाल?”

“तुझ्या आजीनं. विचार तिला. टेप तिची.”

मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. माझी वाचा बसली. हे घरातल्या सगळ्यांनी कॅलेंडरवर लिहून ठेवण्यासारखं आहे.

नात म्हणते, असंच चाललं तर सहा महिन्यांत त्यांना उठवायला माणूस ठेवावा लागेल. हा माणूस, जो टॉवेल गुंडाळल्याशिवाय शेजाऱ्याला हाक मारू देत नाही.

तेव्हा तुम्ही या. आणि तुमचा तो जुना दांडा, असलाच अजून, तर घेऊन या. तुम्ही दिलात तर ते घेतील. नाही घेतला तर निदान तुमच्याशी भांडतील, त्यानंही हातपाय हलतात.

एक बारीकशी गोष्ट राहिली. माझ्या त्या वेळच्या टेपचा पहिला इंच इस्त्रीखाली जळाला होता. मी तो कापून टाकला आणि मग नेहमी येणाऱ्या आकड्यातून एक वजा करायचे. टेप बदलली की हात चुकतो, म्हणून नवी घेतली नाही. तर त्या दिवशी गर्दी, आरडाओरडा, त्यात यांचा दंड मोजताना एक वजा करायचा राहिला की काय, असं मला नंतर वाटलं. माणूस आहे, चुकतं.

थंडी वाढतेय, कोपराला जपा. ते अजून दुखत असेलच.

तुमची
वहिनी


ता. २९ नोव्हेंबर, शनिवार

भाऊजी,

तुमचं पत्र मिळालं. एक्केचाळीस वर्षांनी चार ओळी. तुमच्या हाताला वजन उचलायची सवय, पेन हलकं पडलं असेल.

चारच ओळी असल्यामुळे मला पाठ झाल्यात. “वहिनी, टेप चुकली हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. तुम्ही आम्हा दोघांना एका मापाचे शर्ट शिवलेत. माझी बाही दंडावर उसवली, दादाची शेवटपर्यंत सैल होती. मला एवढंच सांगा, दादाला माहीत होतं का?”

मी शिंपीण. हजारो बाह्या शिवल्या. आणि ती बाही मला दिसली नाही, तुम्हाला दिसली.

तुम्ही विचारलंय त्याचं उत्तर आधी देते, मग बाकीचं. नाही. त्यांना माहीत नव्हतं. माझ्या टेपचा इंच कमी आहे हे घरात फक्त मला ठाऊक होतं. त्यांनी मनापासून मानलं की आपण जिंकलो. म्हणून तर तुम्हाला तसं बोलले. “लोखंड उचलूनही अर्धा इंच मागे. घेऊन जा तुझं भंगार माझ्या खोलीतून.” चोराला इतक्या मोठ्या आवाजात बोलता येत नाही भाऊजी. ते खऱ्या माणसाचंच ओरडणं होतं.

आता बाकीचं. मागच्या पत्रात मी लिहिलं, वजा करायचा राहिला की काय, असं वाटलं. ते खोटं आहे. पत्र टाकून आले आणि जेवले नाही. म्हटलं, या वयात पुन्हा तेच केलं.

वजा करायचा राहिला नाही. मी केला नाही.

पहिला दंड तुमचा मोजला. टेपवर पावणेपंधरा आले. मी एक वजा करून पावणेचौदा सांगितले. बरोबर होतं, तेवढेच होते. न्हाव्यानं शिट्टी मारली. पाऊण इंच वाढला होता तुमचा दंड. ती मूठमूठ वाळू लागू पडली होती. मग यांचा मोजला. टेपवर सव्वाचौदा. म्हणजे खरे सव्वातेरा. तीस वेळा खालीवर होऊन दम वाढला, दंड पाव इंचच वाढला. तुम्ही म्हणाला होतात तसंच. आकडा माझ्या जिभेवर होता. सव्वातेरा. आणि मी मान वर केली तर समोर माझं मशीन.

तुम्ही जिंकलात तर काय करणार हे तुम्ही महिनाभर सगळ्यांना सांगत होता. खिडकीशी मोठं बाक, तिथे हवा चांगली येते. भिंतीला दोन दांडे, ते ठेवायला सळयांचा घोडा तुम्हीच वेल्डिंग करणार. लोक येतील, शिकतील, तुम्ही कारखाना सोडणार. आणि वहिनीचं मशीन खाली दुकानात, जिन्याखाली. कोणीतरी विचारलं, “वहिनींना चालेल का?” आणि तुम्ही हसून म्हणालात, “वहिनींना काय, कुठेही शिवतील.”

खाली लाकडाचा भुसा. पांढरं कापड तिथे तासाभरात पिवळं. खिडकी नाही, दिवसा दिवा लावायचा. ते मशीन मी लग्नाआधी चार वर्षं दुसऱ्याच्या घरी काजं-बटणं करून घेतलं होतं. त्या घरात माझं म्हणावं असं ते एक मशीन आणि ती एक खिडकी. बाकी सगळं तुमच्या आईचं, तुमच्या दादांचं आणि तुमचं.

तुम्हा दोघांपैकी कोणीही मला विचारलं नव्हतं. पैज तुमची, खोली तुमची, टेप तेवढी माझी.

मी म्हटलं, “सव्वाचौदा.”

नवरा जिंकावा म्हणून नाही. असं वाटत असेल तर ते मनातून काढून टाका. तेव्हा नवऱ्याचाही मला रागच होता. खिडकी राहावी म्हणून.

गणिताचे मास्तर वही घेऊन बसले होते. त्यांनी शांतपणे लिहून घेतलं. बारा आठवड्यांत एका माणसाचा दंड सव्वा इंच फुगला, हे गणिताच्या मास्तरांना खटकलं नाही. मला आजही त्या शाळेतल्या पोरांची काळजी वाटते.

मला वाटलं, चार दिवस रुसाल आणि येऊन चहा मागाल. सकाळी पाहते तर तुम्ही निळा शर्ट घालून, डबे काढलेला दांडा खांद्यावर टाकून जिना उतरत होता. सातवी पायरी कुरकुरली. मी खिडकीतून पाहिलं. वाळू तुम्ही रस्त्याच्या कडेला ओतलीत, दोन नीट ढीग, डाव्या डब्याचा आणि उजव्या डब्याचा. तेव्हा हाक मारता आली असती. माझा आवाज किती मोठा आहे तुम्हाला ठाऊक आहे.

खिडकी राहिली. पण सहा महिन्यांत बाकीचे यायचे थांबले. तुम्ही नाही म्हणून यांना जोर मारून दाखवायला कोणी नव्हतं, मग यांचेही कमी झाले. पाच वाजायचे आणि जिना गप्प. मी खिडकीशी बसून शिवायचे, टीप एकदम सरळ. एकाही गिऱ्हाइकानं पुन्हा तक्रार केली नाही. वीस वर्षं मी मनात मोजत मशीन चालवलं, पोस्टमनसकट. सतराव्यावर थोडं थांबायचे.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. मग हे सगळं सांगितलं, जसं तुम्हाला लिहिलं तसंच, खिडकीसकट. दुपारची वेळ, ते हाताच्या खुर्चीत बसले होते. मला वाटलं, हरलो म्हणून चिडतील. त्याचं काही नाही. एकच गोष्ट तीनदा विचारली.

“मला माहीत होतं का, असं विचारतोय तो?”

“हो.”

“म्हणजे एक्केचाळीस वर्षं तो मला लबाड समजत होता?”

“हो.”

“आई गेली तेव्हा आला, दारात उभा राहिला, माझ्याकडे बघितलं नाही. ते याच्यासाठी?”

मी म्हटलं, “हो, आणि ते माझ्यामुळे.”

मग ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जेवले. न जेवण्याइतका राग या घराण्यात कधी कोणाला आलेला नाही. तुमची आई माझ्याशी सहा-सहा महिने बोलत नव्हती, त्यापुढे दोन दिवस काहीच नाही. पण हे दोन दिवस मोठे गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी शर्टाची बाही वर केली, हात पुढे केला आणि म्हणाले, “मोज.”

ती जुनी टेप माझ्याकडे आहे. फेकता आली नाही. दंडाभोवती धरली, तर अर्धी टेप हातातच राहिली. कातडी सैल, आतलं सगळं कुठे गेलं कोण जाणे. टेपवर साडेअकरा.

मी म्हटलं, “साडेदहा.”

“एक वजा केलास?”

“केला.”

“तेव्हाच करायचास.”

“तेव्हाच करायला हवा होता,” मी म्हटलं. मग बाही खाली केली आणि बटण लावलं. त्यांना ते बटण एका हातानं लागत नाही.

थोड्या वेळानं म्हणाले, “खिडकीचं मला का नाही सांगितलंस?”

मी म्हटलं, “तुम्ही विचारलं नाही.”

म्हणाले, “तेही खरं.” आणि मग, “त्यानंही नाही विचारलं. लिही त्याला.” तर लिहिलं.

नातीनं लगेच आपला चकचकीत दांडा पुढे केला. म्हणाली, “आजोबा, आता तर दांडा जिंकला ना? घ्या.” तर म्हणतात, “हा कुठे जिंकलाय? जो जिंकलाय तो आण म्हणावं.” तिनं कपाळाला हात लावला. मी तिला म्हटलं, हे दोघे असेच आहेत, तू शिकलेली आहेस, तू समजून घे.

पण परवा दुपारी मी झोपलेय असं समजून पडद्याचा दांडा काढला. हलका, लाकडी, त्यांनीच घडवलेला. पलंगावर उताणे पडले, दांडा कपाळापर्यंत आणला, कोपरातून सरळ केला. अगदी तुमच्यासारखं, कोपरं आत धरून. म्हणजे त्या वेळी समोरच्या भिंतीला बसून सगळं बघत होते तर. मोजत होते हळू आवाजात. नऊवर थांबले. मी डोळे उघडले नाहीत. पडदा मात्र तेव्हापासून जमिनीवर आहे आणि त्याबद्दल घरात कोणी कोणाला काही विचारत नाही.

पडद्याच्या दांड्याला पाव किलोही लावता येत नाही, वाकतो. तेव्हा तुमचा लागेल. डबे घेऊन या किंवा नका आणू, रंगाचे डबे इथे मिळतात. वाळूही मिळते. कोपराचं तेल माझ्याकडे आहे, आता दोघांना एकाच वेळी चोळीन, लपवाछपवी नको.

कधी येता ते कळवा. नात गाडी घेऊन स्टँडवर येईल. जिना सावकाश चढा.

आणखी एक. काल मुलाला आणि सुनेला लावून मशीन खिडकीपासून हलवलं. आतल्या भिंतीला ठेवलं. मला तसंही सुईत दोरा आता दिसत नाही, उजेड असो वा नसो. खिडकीशी जागा रिकामी आहे. एक बाक मावेल. मी मापून पाहिलं, नव्या टेपनं.

तुमच्या दादांनी बजावून सांगितलंय की त्या वेळी निकाल तोंडी लागला, म्हणून घोळ झाला. या वेळी लेखी पाठव आणि खाली सही कर. तेव्हा लिहिते.

तुमचे दादा, अंगाच्या वजनावर: सव्वातेरा.
तुम्ही, दांड्यावर: पावणेचौदा.

मोजणारी,
तुमची वहिनी